टोकनांचा बाजार: उत्साह, पैसा आणि टिकाऊ मूल्य

क्रिप्टो-टोकन म्हणजे एका सामायिक खातेवहीतील नोंद. ही खातेवही, म्हणजे ब्लॉकचेन, कोणा एका बँकेच्या ताब्यात नसते. तिच्या प्रती जगभरच्या संगणकांवर असतात आणि कोणते टोकन कोणाच्या हाती आहे हे त्या सर्व प्रतींत एकसारखे नोंदलेले असते. नवे टोकन काढायला कारखाना लागत नाही की मोठे भांडवल लागत नाही, प्रोग्रॅमच्या काही ओळी पुरतात. त्यामुळे टोकनांचा तुटवडा कधीच नसतो. तुटवडा असतो तो लोकांच्या लक्षाचा. एखाद्या प्रकल्पाभोवती जमणारे पहिले खरेदीदार, प्रोग्रॅमर आणि उत्साही प्रचारक यांना या व्यवहारात ‘कम्युनिटी’ म्हणतात, आणि टोकनचा भाव आधी चढतो तो त्यांच्याच विश्वासावर. वापर मागून येतो किंवा येतच नाही. या विश्वासातून टिकाऊ मूल्य निर्माण होते का, या प्रश्नाचे उत्तर गेल्या बारा-तेरा वर्षांच्या इतिहासात शोधताना दोन अटी पुनःपुन्हा समोर येतात. भाववाढीची आशा बाजूला ठेवूनही लोक ज्याच्यासाठी पैसे मोजतील असे काहीतरी उभे राहिले पाहिजे, ही पहिली. त्या पैशाला टोकनधारकापर्यंत पोहोचण्याची वाट असली पाहिजे, ही दुसरी. पहिली अट थोड्या प्रकल्पांनी पुरी केली आणि दुसरी त्याहूनही थोड्यांनी.

बिटकॉइनचा उगम या प्रकारात बसत नाही, म्हणूनच तो आधी पाहावा लागतो. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने त्याची श्वेतपत्रिका प्रसिद्ध झाली आणि ३ जानेवारी २००९ रोजी जाळे सुरू झाले. नाणी कोणी विकली नाहीत. ज्यांनी आपला संगणक जाळ्याच्या कामाला जुंपला त्यांना ती मिळत गेली, आणि सुरुवातीचे वर्षभर त्यांना म्हणावा असा बाजारभावही नव्हता. २२ मे २०१० रोजी फ्लोरिडातील लाझ्लो हॅन्येझ यांनी दोन पिझ्झ्यांसाठी दहा हजार बिटकॉइन मोजले, तो वस्तूच्या बदल्यात बिटकॉइन दिल्याचा पहिला गाजलेला व्यवहार. इथे लोक आधी जमले आणि पैसा मागून आला. प्रवर्तकाकडे कोणाची रक्कमच नव्हती. २०११ च्या सुमारास नाकामोतो कायमचे गप्प झाले तेव्हाही जाळे चालत राहिले. पुढच्या बहुतेक टोकनांनी बिटकॉइनचे यश दाखवून लोकांना बोलावले, पण हा क्रम मात्र उलटा केला.

तो उलटा करण्याची कल्पना जे. आर. विलेट यांची. जानेवारी २०१२ मध्ये त्यांनी ‘दुसरी बिटकॉइन श्वेतपत्रिका’ लिहिली. बिटकॉइनच्या खातेवहीवर आणखी एक थर चढवायचा, त्या थराचे टोकन आधी विकायचे आणि आलेल्या पैशातून तो थर बांधायचा, असा तो प्रस्ताव होता. २०१३ च्या उन्हाळ्यात ‘मास्टरकॉइन’ या नावाने विक्री झाली आणि महिन्याभरात सुमारे पाच हजार बिटकॉइन, म्हणजे तेव्हाच्या भावाने पाच लाख डॉलरच्या आसपास रक्कम जमली. पुढे ‘इनिशियल कॉइन ऑफरिंग’ किंवा आयसीओ या नावाने जगभर गेलेल्या पद्धतीची ही पहिली आवृत्ती.

मास्टरकॉइनचे पुढे काय झाले ही हकिकत या क्षेत्रात फारशी सांगितली जात नाही, पण ती मोलाची आहे. प्रकल्प फसला नाही. ‘ओम्नी’ हे नवे नाव घेऊन तो थर खरोखर चालू झाला, आणि २०१४ मध्ये त्याच थरावर ‘टेदर’ हे डॉलरशी बांधलेले टोकन निघाले. टेदर पुढे क्रिप्टो बाजारातले सर्वात जास्त हाताळले जाणारे डॉलर-टोकन झाले. तरीही मास्टरकॉइनच्या मूळ खरेदीदारांच्या पदरात त्यातले जवळजवळ काहीच पडले नाही, कारण ओम्नीवरून टेदर पाठवताना शुल्क बिटकॉइनमध्ये द्यावे लागे. मास्टरकॉइनची गरजच कोणाला पडत नसे. पहिली अट पुरी झाली, दुसरी राहून गेली. पहिल्याच टोकनविक्रीत उघडी पडलेली ही त्रुटी पुढच्या दशकभरात मोठमोठ्या प्रकल्पांत पुन्हा दिसली.

तिला पहिले नेमके उत्तर मिळाले ते इथेरियममध्ये. २०१३ च्या अखेरीस टोरांटोतील एकोणीस वर्षांच्या व्हिटालिक ब्युटेरिन यांनी अशा जाळ्याची कल्पना मांडली की ज्यावर कोणीही आपला प्रोग्रॅम चालवू शकेल. २२ जुलै ते २ सप्टेंबर २०१४ अशी बेचाळीस दिवस ‘इथर’ची विक्री चालली. सुमारे सहा कोटी इथर विकले गेले आणि एकतीस हजारांहून अधिक बिटकॉइन, म्हणजे जवळपास १ कोटी ८० लाख डॉलर जमले. जाळे प्रत्यक्ष सुरू झाले ते ३० जुलै २०१५ रोजी. या रचनेतली महत्त्वाची गोष्ट विक्रीच्या रकमेत नाही, ती ‘गॅस’मध्ये आहे. इथेरियमवर केलेल्या प्रत्येक कामाचे शुल्क इथरमध्येच भरावे लागते. जाळे वापरायचे तर इथर खर्च करायलाच हवे, मग वापरणाऱ्याला त्याच्या भावात रस असो वा नसो. वापर आणि टोकन यांची गाठ मुळातच घट्ट बांधलेली होती.

या समुदायाची खरी परीक्षा जाळे सुरू होऊन वर्ष व्हायच्या आत झाली. एप्रिल-मे २०१६ मध्ये ‘द डाओ’ नावाचा एक निधी इथेरियमवर उभा राहिला. त्याला व्यवस्थापक नव्हता; टोकनधारकांनी मते द्यायची आणि प्रोग्रॅमने पैसे वाटायचे, अशी योजना होती. सुमारे १५ कोटी डॉलरचे इथर त्यात जमले. १७ जून २०१६ रोजी प्रोग्रॅममधल्या एका चुकीचा फायदा घेऊन कोणीतरी त्यातले सुमारे ३६ लाख इथर बाजूला काढून घेतले. प्रोग्रॅममधल्या प्रतीक्षेच्या अटीमुळे ती रक्कम लगेच उचलता येत नव्हती, आणि तेवढ्या आठवड्यांत समुदायाला निर्णय करायचा होता. खातेवहीतली नोंद कधीच बदलू नये या तत्त्वाला चिकटून राहायचे, की नोंद बदलून लोकांचे पैसे परत करायचे? कडाक्याचे वाद झाले. २० जुलै रोजी बहुसंख्यांनी नोंद बदलली. ज्यांना ते मान्य नव्हते त्यांनी जुनी खातेवही ‘इथेरियम क्लासिक’ या नावाने चालू ठेवली. तत्त्वाच्या बाजूने पाहिले तर हा मोठा तोटा होता, आणि तो आजही नाकारता येत नाही. पण बहुतेक प्रोग्रॅमर एकाच खातेवहीवर काम करत राहिले, आणि संकटात निर्णय घेऊन तो अमलात आणण्याची ताकद या समुदायात आहे हे दिसून आले. भाव वाढत असताना जमणारी गर्दी आणि भाव कोसळल्यावरही कामाला बसणारी माणसे यांतला फरक इथे प्रथम स्पष्ट झाला.

द डाओचा आणखी एक परिणाम वर्षभराने आला. अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने, म्हणजे ‘सेक’ने, २५ जुलै २०१७ रोजी आपल्या अहवालात म्हटले की द डाओची टोकने हे रोखेच होते. आधार होता १९४६ च्या हॉवी खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा. फ्लोरिडातल्या संत्र्या-लिंबांच्या बागांचे तुकडे विकणाऱ्या कंपनीचा तो खटला. दुसऱ्याच्या श्रमातून नफा मिळेल या अपेक्षेने एका सामायिक उद्योगात पैसा गुंतवला, तर त्याला नाव काहीही द्या, तो गुंतवणुकीचा करार ठरतो, अशी त्यातली कसोटी आहे.

हा अहवाल आला तेव्हा टोकनविक्रीला उधाण आले होते. २०१५ च्या अखेरीस मांडलेल्या ‘ईआरसी-२०’ या सामायिक साच्यामुळे इथेरियमवर टोकन काढणे दुपारभराचे काम झाले होते. ३१ मे २०१७ रोजी ब्रेव्ह ब्राउझरच्या ‘बेसिक अटेन्शन टोकन’ची साडेतीन कोटी डॉलरची विक्री अर्ध्या मिनिटात संपली. जूनमध्ये बँकोरने सुमारे १५ कोटी डॉलर जमवले, जुलैमध्ये तेझोसने २३ कोटी आणि त्यानंतर फाइलकॉइनने २५ कोटींहून अधिक. अर्ध्या मिनिटात संपणारी विक्री ही लोकप्रियतेची खूण मानली गेली. वास्तविक एवढ्या वेळात मोजक्याच खरेदीदारांचे व्यवहार पुरे होतात. ज्या समुदायाच्या नावाने विक्री चालली होती त्यातला बराचसा भाग दाराबाहेरच राहिला आणि मागाहून बाजारात चढ्या भावाने टोकन घेऊ लागला.

उत्साह निर्माण करण्याची एक ठरीव यंत्रणाही या काळात तयार झाली. टेलिग्रामवर गट चालवणे, ट्विट करणे, श्वेतपत्रिकेचे आपल्या भाषेत भाषांतर करणे, अशा कामांबद्दल ‘बाउंटी’ म्हणून टोकने वाटली जात. लवकर येणाऱ्याला सूट असे. प्रचार करणाऱ्याच्या हाती तेच टोकन असल्याने भाव चढवण्यात त्याचा स्वतःचा फायदा होता, आणि त्याच्या बोलण्यातली श्रद्धा व स्वार्थ वेगळे काढणे ऐकणाऱ्याला शक्य नव्हते. याहून गंभीर दोष पैशाच्या क्रमात होता. नव्या कंपनीला सामान्यतः टप्प्याटप्प्याने भांडवल मिळते, आणि कामाची प्रगती दाखवल्याशिवाय पुढचा टप्पा येत नाही. टोकनविक्रीत सगळी रक्कम काम सुरू होण्याआधीच हाती येई. वस्तू बनवण्याचे दडपण ज्या दिवशी सर्वात जास्त असायला हवे, त्याच दिवशी ते संपून जाई.

ईओएस हे याचे सर्वात मोठे उदाहरण. ब्लॉक.वन या कंपनीने जून २०१७ ते जून २०१८ असे जवळपास वर्षभर टोकन विकून ४०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमवली. खरेदीच्या करारातच लिहिलेले होते की या टोकनबरोबर कोणताही हक्क मिळत नाही. जाळे सुरू झाले, चालले, पण इथेरियमला मागे टाकण्याचे जे स्वप्न दाखवले गेले होते ते कधीच जवळ आले नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये सेकने नोंदणीशिवाय रोखे विकल्याबद्दल कंपनीला २ कोटी ४० लाख डॉलर दंड केला, म्हणजे जमवलेल्या रकमेच्या एक टक्क्याहूनही कमी. २०२१ च्या अखेरीस जाळे चालवणाऱ्यांनीच मतदान करून ब्लॉक.वनला टप्प्याटप्प्याने मिळायची उरलेली टोकने रोखली. इतके पैसे आणि इतके लोक असूनही जे उभे राहिले नाही, त्याचे कारण तंत्रज्ञानात शोधण्यापेक्षा त्या करारात शोधणे जास्त योग्य ठरेल. टेलिग्राम कंपनीचा अनुभव वेगळा होता. तिने २०१८ मध्ये १७० कोटी डॉलर जमवले, पण सेकने टोकन वाटपाच्या आधीच न्यायालय गाठले आणि २०२० मध्ये कंपनीला १२० कोटी डॉलर गुंतवणूकदारांना परत करावे लागले.

चीनने ४ सप्टेंबर २०१७ रोजी अशा विक्रीवर बंदी घातली. जानेवारी २०१८ मध्ये चौदाशे डॉलरच्या आसपास पोहोचलेले इथर डिसेंबरात शंभर डॉलरच्या खाली आले, आणि २०१७ ची बहुसंख्य टोकने त्याहून कितीतरी जास्त गडगडली. जी उरली त्यांत चेनलिंक होते, ज्याने सप्टेंबर २०१७ मध्ये ३ कोटी २० लाख डॉलर जमवले होते. बाहेरच्या जगातले बाजारभाव ब्लॉकचेनवरच्या प्रोग्रॅमना पुरवण्याचे त्याचे काम इतर प्रकल्पांना खरोखर लागत होते. बायनान्स या बाजाराचे ‘बीएनबी’ही टिकले. ते वापरले की दलालीत सूट मिळे, आणि कंपनी दर तिमाहीला काही टोकने कायमची नष्ट करी. धारकापर्यंत पोहोचणारी वाट इथे होती. पण ती एका कंपनीच्या धंद्यातून जात होती, आणि त्या कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल करून ४०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचे मान्य केले.

भारतात याच काळात दोन अगदी वेगळ्या गोष्टी घडत होत्या. ‘गेनबिटकॉइन’ योजनेत लोकांना दरमहा दहा टक्के परताव्याचे आश्वासन देऊन बिटकॉइन गोळा केल्याचा आरोप आहे. परतावा देणे जमेनासे झाले तेव्हा बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचे स्वतःचेच टोकन गुंतवणूकदारांच्या गळ्यात मारले गेले. महाराष्ट्रात पुण्यासह अनेक ठिकाणी तक्रारी झाल्या, पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये मुख्य प्रवर्तकाला अटक केली, आणि पुढे प्रकरण सीबीआयकडे गेले. समुदाय इथेही होता. नातेवाईक, मित्र आणि सहकारी यांच्या साखळीतून तो वाढला होता, त्यामुळे बुडालेल्या पैशाबरोबर घरोघरीचे संबंधही बिघडले. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी परिपत्रक काढून बँकांना क्रिप्टो व्यवहारांना सेवा देण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने ते ४ मार्च २०२० रोजी रद्द ठरवले.

दुसरी गोष्ट मॅटिकची. जयंती कनानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी २०१७ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. इथेरियमवरची गर्दी आणि महागडे शुल्क टाळण्यासाठी त्याच्या जोडीला एक स्वस्त, वेगवान जाळे उभे करायचे, हा हेतू होता. भारतात बँकांची दारे बंद असताना एप्रिल २०१९ मध्ये बायनान्सवरून टोकन विकून त्यांनी सुमारे ५० लाख डॉलर उभे केले. ही रक्कम ईओएसच्या तुलनेत नगण्य होती. प्रचारापेक्षा प्रोग्रॅमरांना बोलावण्यावर, हॅकेथॉन भरवण्यावर आणि लहान प्रकल्पांना हाताशी धरण्यावर त्यांनी भर दिला. २०२१ मध्ये ‘पॉलिगॉन’ हे नाव घेतल्यावर जाळ्याचा वापर झपाट्याने वाढला, आणि वर्षाच्या सुरुवातीला दोन सेंटच्या आसपास असलेले टोकन मे महिन्यात दोन डॉलरच्या वर गेले. रेडिटने आपली संग्राह्य चित्रे याच जाळ्यावर आणली. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागाने सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रे पॉलिगॉनवर नोंदवण्याची योजना जाहीर केली, जेणेकरून बनावट प्रमाणपत्र पडताळणीत लगेच उघडकीस यावे. दुर्गम आदिवासी भागातल्या सरकारी कामापर्यंत पोहोचलेले हे तंत्र कोणत्याही भाववाढीपेक्षा जास्त लक्ष देण्यासारखे आहे.

मात्र टोकनच्या भावात हा वापर टिकून राहिला नाही. २०२४ मध्ये अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीवर कोट्यवधी डॉलरच्या पैजा घेणारा पॉलिमार्केट हा बाजार पॉलिगॉनवरच चालत होता. पण पैजा डॉलर-टोकनमध्ये लागत आणि जाळ्याचे शुल्क सेंटच्या अंशात असे. जाळे स्वस्त ठेवणे हेच त्याच्या यशाचे कारण होते, आणि त्याच कारणाने टोकनधारकाच्या वाट्याला फार थोडे उरत होते. सप्टेंबर २०२४ मध्ये मॅटिकच्या जागी ‘पीओएल’ हे टोकन आले. २०२५ मध्ये बहुतांश काळ त्याचा भाव ३० सेंटच्या खाली राहिला. मास्टरकॉइनपासून अकरा वर्षे लोटली तरी तिढा तोच होता.

२०२० चा उन्हाळा समुदाय विकत घेण्याच्या प्रयोगांचा. जूनमध्ये कंपाउंडने आपल्याकडे ठेवी ठेवणाऱ्यांना आणि कर्ज घेणाऱ्यांना टोकने वाटायला सुरुवात केली, आणि पाठोपाठ डझनावारी प्रकल्पांनी तेच केले. ऑगस्टमध्ये सुशीस्वॅपने टोकनांची अदलाबदल करून देणाऱ्या युनिस्वॅपचा खुला प्रोग्रॅम जसाच्या तसा उचलला, वर स्वतःचे टोकन ठेवले आणि युनिस्वॅपकडच्या ठेवी आमिष दाखवून आपल्याकडे ओढल्या. सप्टेंबरच्या मध्यावर युनिस्वॅपने उत्तर दिले. आधी कधीही सेवा वापरलेल्या सुमारे अडीच लाख पत्त्यांना प्रत्येकी ४०० युनी टोकने फुकट वाटली गेली. अनेकांनी ती त्याच दिवशी विकली. टोकनाच्या लोभाने आलेला पैसा जास्त टोकन देणाऱ्याकडे निघून जातो, हे त्या चार महिन्यांत स्पष्ट झाले. युनिस्वॅपची सेवा मात्र टिकली, कारण टोकन नव्हते तेव्हाही लोक ती वापरत होते. पण प्रत्येक व्यवहारावरचे शुल्क ठेवी पुरवणाऱ्यांना मिळे. युनी धारकांना त्यानंतर अनेक वर्षे फक्त मताचा अधिकार होता. याच्या उलट मेकरडाओ या कर्ज देणाऱ्या प्रकल्पाच्या रचनेत कर्जावरच्या शुल्कातून टोकने विकत घेऊन नष्ट केली जात, आणि तोटा झाला तर नवी टोकने काढून विकायची व तो धारकांच्या माथी टाकायचा असा नियम होता. १२ मार्च २०२० च्या पडझडीनंतर हा नियम खरोखर अमलात आला. टोकनधारक नफ्याबरोबर नुकसानही सोसतो अशी प्रामाणिक रचना या क्षेत्रात विरळाच आढळते.

ॲक्सी इन्फिनिटी या खेळात उत्साहाची किंमत सर्वात गरीब माणसांनी मोजली. व्हिएतनामच्या स्काय मॅव्हिस कंपनीचा हा खेळ २०२१ मध्ये फिलिपिन्समध्ये पसरला. टाळेबंदीत रोजगार गेलेले लोक त्यात ‘एसएलपी’ टोकने मिळवत आणि विकून घर चालवत. खेळायला लागणारे तीन प्राणी विकत घेणे परवडत नसेल तर दुसऱ्याचे प्राणी घेऊन खेळायचे आणि कमाईतला हिस्सा त्याला द्यायचा, अशी मक्त्याची पद्धतही निघाली. एसएलपी खर्च होई ती नवे प्राणी जन्माला घालण्यात, आणि ते प्राणी विकत घेत ते नवे खेळाडू. म्हणजे जुन्यांची कमाई नव्यांच्या प्रवेशातून येत होती. खेळण्याच्या आनंदासाठी पैसे मोजणारे फार थोडे होते. २०२१ च्या अखेरीस रोजच्या खेळाडूंची संख्या २७ लाखांच्या आसपास स्थिरावली, नव्यांचा ओघ आटला, आणि एसएलपीचा भाव काही सेंटांवरून सेंटाच्या अंशात गेला. मार्च २०२२ मध्ये रोनिन या त्याच्या जाळ्यावर ६० कोटी डॉलरहून मोठा दरोडा पडला, पण खेळाची आर्थिक घडी त्याआधीच विस्कटलेली होती.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात टेरा कोसळले. डू क्वॉन यांच्या या प्रकल्पात ‘यूएसटी’ हे डॉलर-टोकन ‘ल्युना’च्या आधाराने एक डॉलरवर ठेवले जाई, आणि अँकर या सेवेत यूएसटी ठेवल्यास साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास व्याज मिळे. बाजारातले बहुतेक यूएसटी तिथेच पडून होते. या व्याजामागे पुरेसे उत्पन्न नव्हते. स्वतःला अभिमानाने ‘ल्युनॅटिक’ म्हणवणारा निष्ठावान समुदाय शंका घेणाऱ्यांवर तुटून पडे, आणि त्यामुळे प्रश्न विचारणेच अवघड होऊन बसले होते. एप्रिल २०२२ मध्ये ११९ डॉलरवर असलेले ल्युना मेच्या मध्यावर जवळजवळ शून्य झाले. सुमारे ४ हजार कोटी डॉलरचे बाजारमूल्य एका आठवड्यात नाहीसे झाले. क्वॉन यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला.

निव्वळ उत्साहावर उभी असलेली टोकनेही टिकू शकतात का, याला डोजकॉइन हे उत्तर आहे, आणि ते नीट समजून घ्यायला हवे. डिसेंबर २०१३ मध्ये बिली मार्कस आणि जॅक्सन पामर यांनी ते गंमत म्हणून काढले. विक्री झाली नाही, कोणी भविष्याची हमी दिली नाही. पुढच्याच महिन्यात या समुदायाने जमैकाच्या बॉबस्लेड संघाला हिवाळी ऑलिंपिकला पाठवण्यासाठी सुमारे ३० हजार डॉलर जमवले, नंतर केनियातल्या पाण्याच्या प्रकल्पाला मदत केली. दर वर्षी पाचशे कोटी नवी नाणी निघत असूनही आणि निर्माते कधीच बाहेर पडले असूनही ते दशकाहून अधिक काळ चालू आहे. या आपुलकीला मूल्य आहे हे मान्य करावे लागते. पण भावाचा आधार म्हणून ती किती तोकडी पडते हेही याच नाण्याने दाखवले: ८ मे २०२१ च्या सुमारास ७० सेंटच्या वर गेलेला भाव पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये सहा सेंटच्या आसपास आला.

कॉन्स्टिट्यूशनडाओचे उदाहरण त्याहून बोलके आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये सतरा हजारांहून अधिक लोकांनी आठवड्याभरात सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलर जमवले. अमेरिकी राज्यघटनेच्या १७८७ च्या मूळ छापील प्रतींपैकी एक लिलावात घ्यायची होती. १८ नोव्हेंबरला ती प्रत केन ग्रिफिन यांनी ४ कोटी ३२ लाखांना घेतली. पैसे परत करण्याची सोय केली गेली, पण इथेरियमचे शुल्क तेव्हा इतके होते की लहान वर्गणीदारांची रक्कम परत घेण्यातच संपून जाई. संघटना विसर्जित झाली, आणि तिचे ‘पीपल’ टोकन मात्र उद्देश संपल्यावरही बाजारात विकले जात राहिले. त्याचा भाव तेव्हा वाढलाही. अनोळखी माणसांना इतक्या लवकर एका कामासाठी एकत्र आणण्याची ही शक्ती अपूर्व होती. ती साठवून ठेवण्याचे साधन मात्र टोकन ठरले नाही.

२०२४ पासून या प्रकाराने आणखी टोक गाठले. सोलाना जाळ्यावरच्या पंप.फन या सेवेमुळे कोणालाही काही मिनिटांत, जवळजवळ विनाखर्च नाणे काढता येऊ लागले. अशी लाखो नाणी निघाली आणि त्यांतली अगदी थोडी पहिल्या दिवसापलीकडे जगली. १७ जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांच्या नावाचे नाणे आले, ज्याचा ८० टक्के साठा त्यांच्याशी संबंधित संस्थांकडे होता. काही दिवसांत ७० डॉलरच्या वर जाऊन ते उतरले. फेब्रुवारीत सेकच्या अधिकाऱ्यांनी अशी ‘मीमकॉइन’ रोखे नसल्याचे मत जाहीर केले, म्हणजे रोखेविषयक कायद्याचे संरक्षण खरेदीदाराला त्यांत मिळत नाही.

इथेरियममध्ये या सगळ्या काळात टोकन आणि वापर यांची गाठ आणखी आवळली गेली. ५ ऑगस्ट २०२१ पासून प्रत्येक व्यवहाराच्या शुल्काचा मूळ भाग कायमचा नष्ट होऊ लागला, आणि १५ सप्टेंबर २०२२ पासून इथर अडकवून ठेवणाऱ्यांकडे जाळ्याची राखण आली व शुल्काचा उरलेला भाग त्यांना मिळू लागला. तरी ही व्यवस्थाही अढळ नाही. १३ मार्च २०२४ च्या बदलाने इथेरियमच्या जोडीला चालणाऱ्या स्वस्त जाळ्यांना स्वस्तात जागा मिळाली, त्यांच्याकडून येणारे शुल्क घटले आणि नष्ट होणाऱ्या इथरचे प्रमाण खाली आले. वापरणाऱ्याचे हित आणि टोकनधारकाचे हित इथेही एकमेकांना छेद देतात, आणि त्यांचा तोल प्रत्येक सुधारणेत पुन्हा ठरवावा लागतो. तो उघडपणे, वाद घालून ठरवला जातो, हे इथेरियमचे इतरांपासूनचे वेगळेपण आहे.

युरोपीय संघाचा क्रिप्टोविषयक कायदा ३० डिसेंबर २०२४ पासून पूर्णपणे लागू झाला. त्यानुसार टोकन लोकांना विकायला काढणाऱ्याला ठरावीक नमुन्यात श्वेतपत्रिका प्रसिद्ध करावी लागते, आणि तिच्यातल्या खोट्या माहितीची जबाबदारी त्याच्यावर येते. भारतात १ एप्रिल २०२२ पासून टोकनांवरील नफ्यावर ३० टक्के कर आहे, १ जुलै २०२२ पासून विक्रीवर एक टक्का करकपात आहे, आणि एका टोकनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. टोकन काढणाऱ्याने पैसा कशावर खर्च होणार, टोकने कोणाकडे किती आहेत आणि धारकाला नेमका कोणता हक्क मिळतो हे जाहीर केलेच पाहिजे, असे सांगणारा स्वतंत्र कायदा इथे २०२५ पर्यंत झालेला नाही. तो होईपर्यंत हे तिन्ही प्रश्न खरेदीदारानेच पैसे देण्याआधी विचारायचे आहेत.